आत ओढलेला होकार

१८ नोव्हेंबर
पोहोचले एकदाची! देशाच्या दक्षिण टोकाच्या मालमोहून इथं उत्तरेत ग्रोमिरला यायला दोन रेल्वेगाड्या आणि एक बस. बसमध्ये शेवटी मी आणि ड्रायव्हर, दोघंच उरलो होतो. घर झकास आहे. पिवळं, लाकडी, नदीकडे तोंड केलेलं, स्वयंपाकघरात लाकडाची शेगडी. मालक एलोफ पलीकडच्याच घरात राहतो, सत्तरीचा असेल. हे घर त्याच्या बहिणीचं, मायवोरचं. ती मार्चमध्ये वारली. एलोफनं किल्ली दारातच हातावर ठेवली. इंटरनेट चालतं का, नळ गोठतात का, मी विचारत होते आणि तो दर वेळी ओठ आवळून नुसता श्वास आत ओढत होता, "श्शुप्". उत्तरेतला प्रसिद्ध 'हो'! मालमोत आम्ही याची नक्कल करून पोट धरून हसायचो. समोरासमोर ऐकायला मात्र गोड वाटतो. तोंड उघडायचेही कष्ट नकोत, एवढी ती काटकसर.

डॉक्टरांनी सांगितलंय, विश्रांती घ्या. विमा कंपनीत लोकांचे दावे निस्तरता निस्तरता मी पार पिळून निघाले होते. आता काम तेच, पण अर्धा दिवस, आणि खिडकीबाहेर बर्फ. यापेक्षा जास्त मला काही नको.

२६ नोव्हेंबर
आज दुकानात बाईनं विचारलं, पिशवी हवी का. आणि माझ्या तोंडून आपसूक निघालं, श्शुप्! बाई काउंटरवर हात आपटून हसली. म्हणाली, "झालीस गं तू आमची! आता दक्षिणेकडची म्हणून चिडवायचीही सोय राहिली नाही."

साहेबीण इंगेलाचा व्हिडिओवर फोन होता. अहवाल झाला का म्हणून तिनं विचारलं, मी श्वास ओढला. तिला वाटलं आवाज तुटला. मग वाटलं मला दमा झालाय.

३ डिसेंबर
उजाडतं न उजाडतं तोच अंधारतं. झोप भरपूर होते, पण उठताना अंग ओल्या गादीसारखं जड. चार दिवसांत कुणाशी बोलणं नाही म्हणून स्वतःशीच बोलते. दुपारी बटाटे सोलताना म्हटलं, मीठ संपलं वाटतं? तर मागच्या खोलीतून, श्शुप्.

डबा उघडला. मीठ संपलेलंच होतं. थंडीनं लाकूड आकसतं, तेव्हा असे आवाज येत असतील.

६ डिसेंबर
लाकूड नाही. मी विचारते, ती उत्तर देते. बर्फ पडेल का? श्शुप्, आणि पडला. कॉफी करू का? श्शुप्. मायवोरच असणार. मला भीती वाटायला हवी, पण घाबरायलाही अंगात जोर लागतो. आणि खरं सांगू? सोबत बरी वाटते.

९ डिसेंबर
आज तिनं विचारलं.

मी काम करत होते. खुर्चीच्या मागून, अगदी मायेनं, म्हाताऱ्या बाईच्या आवाजात, "दमलीस ना गं?"

दचकून माझा श्वास आत ओढला गेला. दचकणं होतं की होकार, देव जाणे. पण दमले होतेच की. इतक्या वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. लॅपटॉप मिटून मी ढसाढसा रडले.

११ डिसेंबर
शेगडी धगधगतेय आणि माझे हात गार. एक ओंडका उचलवत नाही. इंगेलाचे फोन वाजून वाजून थांबले. संध्याकाळी ती पुन्हा म्हणाली, निजायचंय ना?

या वेळी मी दचकले नव्हते. मनापासून श्शुप् म्हटलं.

१२ डिसेंबर, सकाळ
एलोफ दारासमोरचा बर्फ उपसत होता. त्याच्या तोंडातून वाफेचे लोट निघत होते. मी पायरीवर उभी राहून बोलले, तर तो माझ्या तोंडाकडे बघतच राहिला. "पोरी, तुझी वाफ कुठाय?"

मी हाऽऽऽ करून पाहिलं. काहीच नाही. मग त्याला सगळं सांगितलं.

त्याच्या हातातलं फावडं पडलं. मायवोर एकटी मेली, तिला सोबत हवीय, म्हणाला. दफनानंतर याच घरात तिनं त्यालाही विचारलं होतं, येतोस ना. तो मोठ्यानं 'नाही' ओरडून बाहेर पडला, तेव्हापासून त्यानं उंबरा ओलांडलेला नाही. मग मला घर दिलंस कशाला, म्हणून मी भांडले. त्याचा चेहरा पडला. "तुम्हा दक्षिणेकडच्यांना असा हो म्हणता येत नाही, म्हणून तर दिलं! तू कुठनं शिकलीस, बाई?"

त्याच्याकडूनच की.

म्हणाला, आत्ताच माझ्या घरी चल. मी नुसत्या मोज्यांवर होते. म्हटलं, बूट घालून आले.

दुपार
बूट घालायला टेकले ती टेकलेच. पाय उचलत नाहीत. एलोफ दार ठोठावतोय. कडी लावली नव्हती मी — तरी उघडत नाही.

ती शेजारी बसलीय. हाताला हात लागतोय.

विचारलं तिनं. येतेस ना.

नाही म्हणाले. मोठ्यानं.

पुन्हा विचारलं. नाही. पुन्हा. नाही —

'नाही' म्हटलं की श्वास बाहेर जातो. मग तो परत आत —

धरून ठेवलाय. लिहिते म्हणजे तोंड मिटलेलं राहील. नाकानं घेतला तर — तोही आत ओढलेलाच —

मला नाही निजायचं. मला मालमोला जायचंय. दावे चालतील, इंगेला चालेल, दमायलाही चालेल —

येतेस ना गं —

एलोफ खिडकीवर मुठी आपटतोय. नाही म्हण, पोरी, नाही म्हण —

कसं म्हणू. म्हणायलाही आधी श्व