पर्सीकाकांच्या पाच अर्ध्या पेन्या

कूम्ब सेंट मेरी, डॉर्सेट
मंगळवार, ५ ऑगस्ट १९६९

ती. ऑब्रीमामांना लायोनेलचा सादर नमस्कार.

ईस्टरनंतर तुम्हाला एक ओळ लिहिली नाही, याबद्दल क्षमा मागतो. कारणं शोधायला बसलो तेव्हा तीन सुचली, आणि तिन्ही खोटी वाटली, म्हणून नुसतीच क्षमा. गुडघा कसा आहे? वेमथची समुद्राची हवा त्याला मानवते का? मामी अजून तुमचा पाइप लपवून ठेवतात का? माझी तब्येत ठणठणीत आहे, आणि सध्याच्या परिस्थितीत हे मला थोडं निर्लज्जपणाचं वाटतं.

परिस्थिती अशी. कुणी काम सांगितलं की ते मी गरजेपेक्षा जास्त नीट करतो. (हा गुण आहे अशी माझी सेहेचाळीस वर्षं समजूत होती.) जूनमध्ये व्हिकरसाहेबांनी चर्चच्या गळक्या छपरासाठी अर्ध्या पेन्या गोळा करायची टूम काढली. दशमान पैसे येणार, त्यात पहिला बळी या नाण्याचा. जुलैअखेर ते बंद. इतिहासाचा मास्तर म्हणून काम माझ्याकडे आलं. मी दारोदार फिरलो. बटणांचे डबे उपसले, कोटांची अस्तरं चाचपली. मिस डिबन यांच्या डुगडुगत्या टेबलाच्या पायाखाली दोन होत्या, त्यासुद्धा काढून घेतल्या आणि तिथे पुठ्ठ्याची घडी सरकवली. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात गावच्या गुत्त्यात, ‘शेफर्ड्स रेस्ट’मध्ये, ग्लॅडिसबाई बिअर ओतता ओतता म्हणाल्या, “फळीवर आहे ते सगळं ने बाबा, आणि मला वाट दे.” फळीवर एक बरणी होती. बरणीशेजारी तंबाखूची डबी होती. डबीत पाच अर्ध्या पेन्या होत्या, एका बाजूने इतक्या झिजलेल्या की त्यांच्यावर राजाचा चेहरा उरला नव्हता. मला त्यांची दया आली. आता विश्रांती मिळेल, असं डायरीत लिहिलंसुद्धा. रिकामी डबी पुसून जागेवर ठेवली, इतका मी सज्जन.

मामा, तुम्ही त्या गुत्त्यात तरुणपण घालवलंत, तुम्हाला एव्हाना घाम फुटला असेल. मी मात्र तिथे कोपऱ्यात पुस्तक घेऊन बसणारा. पाटीवर तळहाताच्या फटक्याने अर्धी पेनी दोन रेघांच्या मध्ये सरकवायचा तो खेळ मी वर्षानुवर्षं पाहिला, पण नाणी नेमकी कुठली, कुठे ठेवतात, हे विचारायची मला गरज वाटली नाही. त्या पाच पर्सी लेगकाकांनी तीस वर्षं घासून गुळगुळीत केल्या होत्या. दुसऱ्या नाण्याला त्यांचा हात लागत नाही. नेलकाकू गेल्यापासून ते घराबाहेर पडतात ते फक्त शुक्रवारी, या खेळासाठी. येत्या शुक्रवारी शेजारच्या अपर मेल्कम गावाशी सामना आहे.

गेल्या शुक्रवारी त्यांनी डबी उघडली.

“कोण मेला घेऊन गेला?”

“अपर मेल्कमचे!” ग्लॅडिसबाई कडाडल्या. “परवा दोघं आले होते. एक थेंब प्यायले नाहीत, नुसते बघत बसले.”

“काका, अहो, मला वाटतं...” मी सुरुवात केली. (‘मला वाटतं’ने सुरू केलेलं वाक्य गुत्त्यात आजवर कुणी पूर्ण ऐकलेलं नाही.) काकांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. “लायोनेल, तू शिकलेला. त्यांना असं खरमरीत पत्र लिही, की वाचून त्या चोराला जेवण जाऊ नये.”

मी लिहिलं. तिथेच, सगळ्यांसमोर. पुराव्याशिवाय कुणाला चोर म्हणू नये म्हणून ‘ज्या कोणी हे नीच कृत्य केले आहे’ अशी सुधारणा केली. माझ्याविषयी इतकं कडक आजवर कुणी लिहिलं नव्हतं. भाषा साधली आहे, हे मान्य करावंच लागेल. मला खरंच जेवण गेलं नाही.

सोमवारी बँकेत धावलो. पोती वितळवायला गेली होती. “तुमच्या पाच ओळखायच्या कशा, सर?” कारकुनाने विचारलं. म्हटलं, एका बाजूला राजा नाही. तो म्हणाला, “सर, आता तिथे कुठल्याच राजाला किंमत नाही.” मग नवी पाच नाणी मिळवून स्वतः घासावीत म्हणून पुन्हा त्याच दारांवर गेलो. गेल्या महिन्यात याच दारांत मी सगळ्यांना बजावलं होतं, एकही मागे ठेवू नका. कुणीही ठेवली नव्हती. मिस डिबन म्हणाल्या, “टेबल पुठ्ठ्यावर छान उभं आहे हो, तुझे आभारच मानायचे होते.” छपरासाठी रक्कम जमवल्याबद्दल माझं नाव चर्चच्या पत्रिकेत येणार आहे.

बाकी सर्व क्षेम. मामींना नमस्कार.

तुमचा भाचा,
लायोनेल

ता. क. तुम्ही हातची वस्तू कधी सोडत नाही, हे आईचं मत मला आज प्रथमच आधार वाटतं आहे. तुमच्याकडे त्या खेळातल्या अर्ध्या पेन्या नक्की असतील. पाच पाठवता का? शक्यतो जास्त झिजलेल्या. शुक्रवारच्या आत. डबीत गुपचूप ठेवता येतील.

ता. क. वरचा ‘गुपचूप’ शब्द वाचून मला लाज वाटली. तो खोडला नाही, कारण खोडला असता तर तुम्हाला मी बरा माणूस वाटलो असतो.

ता. क. पाकीट बंद करणार तोच पर्सीकाका स्वतः दारात आले. (मंगळवारी! घराबाहेर!) पत्राबद्दल आभार म्हणून गूजबेरीचा जॅम आणला होता. म्हणाले, “पोरा, माझ्या हाताला आता परकं नाणं चालायचं नाही. शुक्रवारी सामन्याला माझ्या जागी तू बस. गावात माझ्यासाठी भांडणारा तूच एक.” मी जॅम घेतला. हो, घेतला. तेव्हा मामा, नाणी पाठवा, पण साध्या टपालाने, सावकाश, आणि न झिजलेली. काकांच्या हाताला घासायला काहीतरी हवं. डबीत मी काही ठेवणार नाही.

उद्या: सकाळी पर्सीकाकांकडे जाणे, आणि त्यांनी बस म्हणायच्या आत खरं सांगणे.