एक दात कमी

३ ऑगस्ट
शंभरच्या वर गेली म्हणे हायवेला! आणि हे हसत हसत सांगते! "आई, रस्ता मोकळा होता गं." तेव्हाही मोकळाच होता. तिचा दादा काय गर्दीत गेला?

ह्यांना सांगावं, तर पेपरातून मान वर नाही. "मोठी झाली ती आता." तोही मोठाच होता की!

४ ऑगस्ट
बोलले. भांडले. रडलेसुद्धा. "बरं बाई, हळू जाईन" — आणि गेली सुसाट. पालथ्या घड्यावर पाणी.

७ ऑगस्ट
कोपऱ्यावरच्या मिस्त्रीकडे गेले. म्हटलं, धाकटीची मोटरसायकल हळू करून द्या. तो बघतच राहिला. "काकू, गाडी हळू करा म्हणणारं गिऱ्हाईक जन्मात पहिलंच!" पण मग हसू आवरलं त्याने. मोठ्याची गाडीही तोच बघायचा.

इंजिनाच्या बाजूला झाकण असतं, त्याच्या आत चेन ओढणारं एक छोटं दातेरी चाक. पुढचं स्प्रॉकेट. हिच्या गाडीला पंधरा दातांचं आहे. त्या जागी चौदाचं बसवलं की इंजिन ओरडणार जास्त, गाडी पळणार कमी. "फार फरक नाही पडणार हं काकू, थोडाच." थोडा तर थोडा!

९ ऑगस्ट
"चेन सैल झालीय तुझी, घट्ट करून आणते." तिने किल्ली दिली आणि पुन्हा उशीत तोंड खुपसलं. पोटच्या पोरीशी खोटं बोलताना जीभ जराही अडखळली नाही. कमाल आहे माझी!

मिस्त्रीने जुनं काढलं, नवं चढवलं. माझा चहा संपेपर्यंत झालंसुद्धा.

१० ऑगस्ट
"काय करून ठेवलं गं त्याने? नुसती बोंबलते, पळत नाही!" मी आपली भांडी घासत राहिले.

१२ ऑगस्ट
रात्री झोप लागली. चक्क सकाळपर्यंत!

२० ऑगस्ट
आता हे जिवाला खातंय. अंधार पडल्यावर येते, दमलेली. कामावर उशीर नको म्हणून पहाटेच निघते, न खाता. आज डबाही ओट्यावरच राहिला. विचारलं, "गाडी त्रास देते का गं?" "नाही गं, सवय झाली." एवढंच! चिडतसुद्धा नाही आता.

सांगून टाकावं, तर तो शंभरावरचा काटा डोळ्यांपुढे येतो. गप्प बसावं, तर पोर उपाशी. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. ह्यांना विचारून उपयोग नाही. मी करू तरी काय?

२३ ऑगस्ट
नाही बघवत. आज सुट्टी, तिचा डोळा लागलाय दुपारचा, तोवर गाडी ढकलत मिस्त्रीकडे नेते. पुन्हा पंधराचं बसवा म्हणते. मग देव आहे आणि ती आहे.

२३ ऑगस्ट, संध्याकाळ
त्याने झाकण उघडलंच नाही. "पंधराचंच आहे, काकू. त्याच आठवड्यात आली होती ती. तिनेच बदलून घेतलं. म्हणाली, आईला कळू देऊ नका, झोपायला लागलीय ती."

म्हणजे इतके दिवस माझी पोर आपणहून हळू येत होती.

२४ ऑगस्ट
अंधार पडल्यावर आली. "उशीर झाला गं. गाडीच पळत नाही."

"असू दे," म्हटलं. "अशीच ये."