चिप नंबर सात

४ मे
अंगणातला बर्फ एकदाचा गेला. माझी टर्बो गाडी गॅरेजबाहेर काढली. एकोणनव्वदची, लाल, दोन दारांची. एक्झॉस्ट मी बदलला, मोठे इंजेक्टर मी बसवले. आता राहिली फक्त इंजिनाच्या कॉम्प्युटरमधली चिप. पेट्रोल किती आणि ठिणगी कधी, सगळं तीच ठरवते. मूळची चिप म्हणजे कारखान्यातल्या भित्र्या लोकांनी केलेली. गाडीच्या अंगात केवढं बळ आहे, तिलाच माहीत नाही.

संध्याकाळी इर्माचा फोन. फेब्रुवारीत बहिणीच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी चार तासांवरच्या ग्रीन बेला गेली, ती अजून तिथेच. सिल्वी आता बिनकाठीची चालते म्हणे. इर्मा म्हणाली, बर्फ गेला ना? मग ये की मला न्यायला. म्हटलं, चिप बसली की निघालोच. म्हणाली, अरे, दारात पिकअप आहे ना? आता काय सांगणार! अठ्ठावीस वर्षांच्या संसारानंतर बायकोला आणायला गंजक्या पिकअपमधून जायचं?

संकल्प: पंधरा दिवसांत टर्बो तयार. महिनाअखेर इर्मा घरी.

९ मे
इंडियानातल्या मर्ल हॉब्सला फोन केला. मासिकात जाहिरात आहे त्याची. ऑर्डरप्रमाणे चिप बनवून पोस्टाने पाठवतो. पैसे एकदाच, नंतर हवे तितके बदल फुकट. त्याने विचारलं, गाडीत काय काय बदललंय? सांगितलं. इंजिनात जास्त हवा कोंबणारा मोठा टर्बोही सांगितला. तो अजून बसवायचाय, पण मनात पक्का आहे. मर्ल म्हणाला, रस्त्यावर चालवायची असेल तर मधली चिप घ्या, शर्यतीची त्रास देईल. मी शर्यतीची मागवली. अर्धवट कामं मला जमत नाहीत.

१८ मे
चिप आली. काळी, बोटाच्या पेराहून थोडी मोठी, दोन्ही बाजूंना पाय. बसवली. गाडी सुरूच होईना. जळका वास. पोस्टवाल्यांनी आपटली असणार.

मर्लला फोन. म्हणाला, चिपच्या एका टोकाला खाच असते, ती कुठल्या बाजूला आहे? म्हटलं, योग्य त्या बाजूला. म्हणाला, म्हणजे कुठल्या? गाडीत जाऊन बघून आलो. तो म्हणाला, उलटी बसवलीत की हो, गेली ती. असू दे, दुसरी पाठवतो.

खाच इतकी बारीक ठेवतात, यात माझी काय चूक?

२९ मे
चिप नंबर दोन. सुलट. गाडी सुरू झाली! मागे काळाकुट्ट धूर. गावातल्या सिग्नलला तीनदा बंद पडली. ताउनो मागेच होता. हिवाळ्यात आम्ही दोघं एकाच ट्रकवर बर्फ काढतो, त्यामुळे त्याला वाटतं की काहीही बोलायची मुभा आहे. म्हणाला, लेका, ही गाडी आहे की धुरांडं?

मर्ल म्हणाला, मोठा टर्बो आहे म्हणाला होतात ना? म्हटलं, येणार आहे.  तो म्हणाला, वेंडल, गाडीत आहे तेवढंच सांगत जा. मनातलं नको.

इर्माला कळवलं की महिनाअखेर थोडी पुढे सरकली आहे.

१५ जून
चिप नंबर तीन. चढावर इंजिन डब्यात खडे घातल्यासारखं खडखडतं. मर्लने पेट्रोल कुठलं भरता ते विचारलं. स्वस्तातलं. आता महागातलं भरतो. तरी तो म्हणाला की थोडं त्याच्याही बाजूने बदलून पाठवतो. समजूतदार माणूस.

२८ जून
चिप नंबर चार. काय लिहू! गावामागचा चढ तिसऱ्या गिअरमध्ये, हूं की चूं नाही. शेवटपर्यंत लोण्यासारखी. मर्लला लगेच सांगितलं. तो म्हणाला, वा, झालं मग तुमचं काम. आता मजेत चालवा. गुडबाय म्हणाला.

फोन ठेवल्यावर घर एकदम शांत झालं. खिमा-बटाटा भरलेली पेस्टी गरम केली आणि ओट्यापाशी उभ्यानेच खाल्ली. इर्मा फोनवर म्हणाली, बॅग भरून ठेवू का? म्हटलं, भर! उद्या निघतो.

२९ जून
निघालो. पुलापर्यंत गेलो. पूल वर उचलला होता, खालून बोट जात होती. थांबलो असताना इंजिनाची किंचित थरथर जाणवली. परत फिरलो. चार तासांचा रस्ता, शेजारी बायको, अशी जोखीम घ्यायची नसते.

मर्ल म्हणाला, थरथर ऐकू येते का? म्हटलं, सीटमधून जाणवते. म्हणाला, बरं, बघतो. मग त्याच्या टोमॅटोंवर पडलेल्या किडीबद्दल अर्धा तास बोललो. मला टोमॅटोतलं काही कळत नाही. पण छान वाटलं.

१३ जुलै
चिप नंबर पाच. जमीन-अस्मानाचा फरक! थरथर साफ गेली. पण वरच्या वेगाला जरा दमल्यासारखी वाटते. मर्लला कळवलं. तो आता मला अरे-तुरे करतो.

इर्माचा फोन. सिल्वीच्या घराजवळच्या बेकरीत बाई हवी आहे, हो म्हणू का? म्हटलं, थोडे दिवस कर की, हरकत काय. म्हणाली, थोडे म्हणजे किती? म्हटलं, ते मर्लवर आहे. तिने फोन ठेवला. तिला पटलं असावं.

२ ऑगस्ट
चिप नंबर सहा. अंगात दम आला! मर्लच्या हातात जादू आहे. आता फक्त सकाळी गार इंजिनाला सुरू व्हायला जरा वेळ लागतो. म्हणजे असं मला वाटतं.

ताउनोने शनिवारी सॉनाला, वाफेच्या अंघोळीला बोलावलं. म्हणाला, ये रे, चिपमध्ये तोंड घालून किती दिवस बसणार? म्हटलं, मर्लचा फोन येईल. नाही आला. त्याला कामं असतात.

२४ ऑगस्ट
चिप नंबर सात. हिच्यापुढे बाकी सगळ्या बैलगाड्या. आता एकच बारीक गोष्ट राहिली आहे. काय ते अजून सापडलेलं नाही, पण आहे.

रविवार असून इर्माचा नेहमीचा फोन नाही. मीच केला. सिल्वीने उचलला. म्हणाली, बोलिंगला गेली आहे बेकरीतल्या बायकांबरोबर. म्हटलं, इर्माला बोलिंग येत नाही. सिल्वी म्हणाली, आता येतं.

१४ सप्टेंबर
आज घोटाळा झाला. सात नंबर पुसायला काढून डब्यात ठेवली, आणि चिपांचा डबाच हातातून पडला. चारपासून सातपर्यंतच्या सगळ्यांचे कागदी नंबर उन्हाळ्यात सुकून निघाले होते. सात कोणती, कळायला मार्ग नाही. मर्लला फोन केला, ओळखायची काही खूण आहे का?

 तो म्हणाला, कुठलीही बसव, वेंडल. चारनंतर मी काही बदललेलं नाही. तीच चिप, नवा नंबर लावून पाठवत होतो. मी म्हटलं, का? म्हणाला, चौथ्यालाच तुझी गाडी झाली होती रे. पण तू फोन करत राहिलास. बायको म्हणाली, पाठव त्याला काहीतरी, बिचाऱ्याला बोलायला कुणी नसेल. पुढे म्हणाला, रागावू नकोस. आणि टोमॅटो संपले असंही म्हणाला.

१५ सप्टेंबर
मला पहिल्यापासून संशय होताच. पाचमध्ये फरक होता, हे मात्र मी कोर्टातही सांगेन.

आता जायला हरकत नाही. म्हणजे काहीच हरकत उरलेली नाही. रात्रभर झोप लागली नाही.

२१ सप्टेंबर
ग्रीन बेला जाऊन आलो.

इर्मा सिल्वीकडे नाही. बेकरीच्या माडीवर खोली घेतली आहे. एप्रनवरच खाली आली. केस कापलेत, शोभतात. मी तसं सांगितलं नाही. गाडीभोवती एक फेरी मारून म्हणाली, छान दिसते. आत बसली. पाण्याच्या कडेने दूरवर जाऊन आलो. म्हणाली, किती शांत चालते रे. म्हटलं, जूनपासून अशीच आहे.

हे तोंडातून निघून गेलं.

ती खिडकीबाहेर बघत राहिली. म्हणाली, जूनमध्ये मी बॅग भरली होती, वेंडल. तू भर म्हणालास म्हणून. ऑगस्टपर्यंत तशीच दाराशी होती. मग रोज अडखळायला व्हायला लागलं, म्हणून रिकामी केली.

 मी तिला टर्बोचं प्रेशर किती येतं ते दाखवलं.

पहाटेची पाळी असते म्हणाली, म्हणून बेकरीपाशी सोडलं. आतून राय ब्रेड आणून सीटवर ठेवला, ती बसली होती तिथे. म्हणाली, हरणं असतात रस्त्यात, सांभाळून जा.

अर्ध्या वाटेवरच्या आयर्न माउंटनपर्यंत मी वाट बघत होतो, की गाडी कुठेतरी बंद पडेल, मग तिला फोन करता येईल. पुढे घरापर्यंतही बघितली. गाडी एकदाही अडखळली नाही.