एका नजरेत चाळीस

मंगळवार, ३ मार्च

सत्तावीस वर्षं झाली आज! ऑपरेशन थिएटरबाहेरच्या खोलीत केक कापला. मोठे डॉक्टर सगळ्यांसमोर म्हणाले, "सिस्टरनं मोजलं म्हणजे देवानं मोजलं." टाळ्या. मी मान खाली घातली, पण मनात म्हटलं, देवाचं मला माहीत नाही बाबा, माझी मोजणी एकदाही चुकलेली नाही. ही वही माझ्याशिवाय कुणी वाचत नाही, मग लाजायचं कशाला?

पोट शिवायच्या आधी रक्त टिपायला दिलेल्या गॉजच्या घड्या मोजायच्या. जेवढ्या दिल्या तेवढ्या परत आल्या पाहिजेत. एक जरी आत राहिली तर माणूस आतून सडतो. नियम असा की दोघींनी मोजायचं, एकेक घडी उचलून, मोठ्यानं. नियम नवशिक्यांसाठी असतात! थिएटरमधल्या आया, आमच्या मावशी, बादलीतल्या घड्या काढून चादरीवर दहा-दहाच्या रांगा लावतात. मी नजर टाकते. चार रांगा, चाळीस. झालं. एकेक उचलत बसायला मी काय कालची पोर आहे?

मावशी मात्र प्रत्येक रांगेला पुटपुटतात, "देवा, चुकले तर सांग रे." अकरा वर्षं ऐकतेय. आज केक खाताना विचारलंच, "मग सांगतो का तो?"

"त्याला कुठलं तोंड, सिस्टर? कुणाकडून तरी सांगतो."

हसून हसून माझ्या हातातला केक खाली पडला.

गुरुवार, ५ मार्च

डोकं तापलंय.

बस चालवणारा माणूस, आतडं फुटलेलं. साडेतीन तास उभे होतो. शेवटी मी चादरीकडे पाहिलं आणि म्हटलं, "चाळीस. बरोबर."

तर मावशी म्हणतात, "सिस्टर, एक कमी आहे."

अकरा वर्षांत पहिल्यांदा तोंड उघडलं बाईनं! गुडघ्यावर बसून टेबलाखाली बघत होत्या, बादली उलटी केली, पुन्हा वर बघून तेच — "एक कमी आहे. परत मोजू या का?"

डॉक्टरांच्या हातात सुई. सगळ्यांचे डोळे माझ्यावर. कानाच्या पाळ्या गरम झाल्या माझ्या. मी म्हटलं, "मावशी, दहाच्या पुढे तुम्हाला कधीपासून यायला लागलं?" सगळे हसले. डॉक्टरांनी विचारलं, "सिस्टर?" मी म्हटलं, "बरोबर आहे." त्यांनी शिवलं. मोजणीच्या कागदावर मी सही केली आणि मावशींपुढे सरकवला. त्यांनीही केली. करणार नाहीत तर काय!

घरी आईला सांगितलं. ती म्हणते, "परत मोजायला काय जात होतं? दोन मिनिटं?" प्रश्न दोन मिनिटांचा नाही. आज हिचं ऐकलं तर उद्या झाडूवाला मला शिकवेल.

शनिवार, ७ मार्च

बसवाल्याला ताप.

सोमवार, ९ मार्च

ताप एकशे तीन. आतडं फुटलं की ताप येतोच. पुस्तकात आहे. डॉक्टरही तेच म्हणाले.

त्याची बायको बाहेरच्या बाकावर बसलेली असते. आज माझा हात धरला. "सिस्टर, तुम्ही होतात ना आत? मग मला काळजी नाही." मी हात सोडवून घेतला. घाईत होते.

प्रार्थनेच्या खोलीवरून जावं लागतं वॉर्डात. मावशी आत हात जोडून उभ्या दिसल्या. मी गेले नाही. मी काही चूक केलेली नाही. हात कशाला जोडू?

मंगळवार, १० मार्च

घडीत एक धागा असतो, एक्स-रेमध्ये दिसावा म्हणून. आज काढलेल्या एक्स-रेत तो दिसला. यकृताखाली, पांढरा, वाकडा. अकरा वाजता पोट पुन्हा उघडलं. चाळिसावी घडी आत होती.

मीच ट्रेमध्ये घेतली ती.

बुधवार, ११ मार्च

वाचला! ताप उतरला. वाचेल म्हणाले.

दुपारी मेट्रनबाईंनी केबिनमध्ये बोलावलं. दार लावलं. "चौकशी होणार. मावशींचं वय झालंय, घड्या त्यांनीच मांडल्या होत्या, सहीसुद्धा आहे. तुमचं नाव यात नको." मी गप्प बसले. हो, गप्प बसले. इथे वहीत लिहिते की मी!

बाहेर मावशी फडकं पिळत होत्या. म्हणाल्या, "लिहू दे माझं नाव, सिस्टर. माझी नोकरीची दोन वर्षं राहिलीत. तुमचं नाव मोठं आहे." अस्सा राग आला! कुणी सांगितला होता हा मोठेपणा?

घरी येऊन वर बघून ओरडले, अगदी शेजारी ऐकतील इतक्या जोरात. "बघत होतास ना? मग तेव्हाच का नाही सांगितलंस?"

आई भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "सांगितलं की. तुझ्यापेक्षा कमी शिकलेल्या बाईकडून सांगितलं, म्हणून तुला ऐकू आलं नाही."

मी दार आपटून घेतलं.

गुरुवार, १२ मार्च

जेवले नाही. आईनं एकदाच विचारलं, मग ताट झाकून ठेवलं.

शुक्रवार, १३ मार्च

लिहून दिलं. "मावशींनी दोनदा सांगितलं. मी ऐकलं नाही. मी घड्या उचलून मोजल्या नाहीत. चूक माझी." मेट्रनबाई कपाळाला हात लावून म्हणाल्या, "अहो, सत्तावीस वर्षांवर पाणी सोडताय!" म्हटलं, "माझीच आहेत ना? सोडते." चौकशी होईपर्यंत थिएटर बंद मला. बंद तर बंद!

बसवाल्याच्या बायकोलाही सांगितलं. शिव्या देईल वाटलं होतं. नुसती माझ्या हातांकडे बघत राहिली. शिव्या परवडल्या असत्या.

आई म्हणाली, "बरं केलंस. आता याचाही ताठा मिरवू नकोस."

हॉस्पिटलमधून निघताना प्रार्थनेच्या खोलीत गेले होते. गुडघे टेकले नाहीत. उभ्यानंच सांगितलं, "ऐक. चूक माझी होती, कबूल. पण सत्तावीस वर्षांत एक. एकच! एवढं तुलाही मान्य करावं लागेल."

शनिवार, १४ मार्च

कपाट रिकामं करायला गेले. मावशी पिशवी धरून उभ्या होत्या. माफी मागितली मी. मागता येत नाही मला, तरी मागितली. आणि वर म्हटलंच, "सत्तावीस वर्षांत एक चूक, मावशी."

त्यांनी पिशवी खाली ठेवली. मग म्हणाल्या, "एक नाही, सिस्टर. तुम्ही 'चाळीस' म्हणायच्या तेव्हा कितीदा एकोणचाळीसच असायच्या. मी खाली वाकून शोधायची. कधी टेबलाखाली, कधी डॉक्टरांच्या बुटाला चिकटलेली. एकदा तुमच्याच गाऊनला होती. आणून रांगेत ठेवायची."

"मग कधी बोलला का नाहीत?"

"सापडायची ना! त्या दिवशी सापडली नाही, म्हणून बोलले."

मावशी येऊन अकरा वर्षं झाली. त्याआधीची सोळा वर्षं खाली कोण वाकत होतं? कुणीतरी होती. रोज माझ्या पायाशी होती. तिचं नावसुद्धा मला आठवत नाही.

देवा, तुला ठाऊक असेल. सांग रे.