शंभर दिवसांचं पाणी

नाइतासी,
१४ ऑगस्ट

प्रिय मेरेताई,

तुम्ही सगळे खुशाल असालच. इथे आई बरी आहे. अळकुड्या यंदा चांगल्या पोसल्यात, डुकरंही मेजवानीजोगी झालीत.

बाबांच्या शंभराव्या दिवशी सासरची तीस माणसं घेऊन येतेयस, त्यांना आपल्या समुद्रातल्या खडकावरची मासळी खायचीय, असं तू लिहिलंस. ताई, मासळी नाही.

बाबा गेले तेव्हा खडकावर काठी रोवून पाणी बंद केलं, तेव्हा तू होतीसच. गावप्रमुखाचा तेवढा मान. शंभर दिवस कुणी जाळं टाकायचं नाही, मग सगळ्यांनी मिळून एकदाच पकडायचं आणि त्यांच्या नावाने गावजेवण घालायचं. सत्तर दिवस सगळ्यांनी पाळलं. मग कुणीतरी जाळं टाकलं. आठवड्याभरात सगळं गाव पाण्यात. आता बोटाएवढी पिल्लंसुद्धा सोडत नाहीत.

परवा बैठक झाली. यांगोनाच्या मुळीच्या पेयाचा वाडगा फिरला. जो तो म्हणाला, "बाकीचे थांबले तर मी थांबतो."

लोसाना आत्या कडाडली, "मेल्यांनो, मग काय आधी मासे थांबणार?"

सगळे हसले. सकाळी सगळ्यांच्या होड्या बाहेर. माझीही.

गाव म्हणतं, सुरुवात आपल्या चुलतभावाने, विलिकेसाने केली. त्या दिवशी पहाटे त्याची होडी काठीपाशी दिसली होती खरी. मीही पाहिली. मला वाटलं, हा लेकाचा सगळं ओरबाडून नेणार, आणि मी पोटचा पोरगा असून हात चोळत बसणार. मी तिथेच जाळं टाकलं.

जवळ गेलो तर तो वाकलेली काठी सरळ करत होता. माझ्या जाळ्याकडे बघून एवढंच म्हणाला, "तूच का रे?"

दुसऱ्या दिवशी त्यानेही टाकलं. लोक त्याला नावं ठेवतात, तो गप्प ऐकून घेतो. मीही गप्प. लाज वाटते ताई, पण तोंड उघडत नाही.

रोज ठरवतो, उद्या जायचं नाही. पण होड्या निघालेल्या दिसल्या की राहवत नाही.

येताना डबाबंद मासळी आण, तीस माणसांना पुरेल एवढी. सासरी काय सांगायचं ते तू बघ. फक्त विलिकेसाचं नाव घेऊ नकोस.

तुझा,
बाबांच्या पाण्यात पहिलं जाळं टाकणारा,
इसिकेली