सुनंदाचे बुडबुडे

रविवार, संध्याकाळ

आजही सुनंदाचे बुडबुडे दिसले नाहीत. येत्या सुट्टीत आठवडाभर बोटीवरच राहायचं आणि रोज समुद्रात खोल बुडी मारायची, हा हट्ट माझा. मला सवय आहे, बायको मात्र अजून इथल्या पोहण्याच्या तलावात स्कूबा डायव्हिंग शिकतेय. पाठीवर हवेची टाकी, तोंडात नळी, तरी पाण्याखाली गेली की दम धरून बसते. माहेरी, कन्नडच्या विहिरीत पोहायला शिकलेली ना! पण समुद्रात असा दम धरून वर आली तर फुप्फुसं फाटतील. किती वेळा सांगायचं?

गाडीवरून मुकुंदवाडीला घरी येताना तिच्यावर चिडलोच. "श्वास सोडायला काय होतं गं तुला?"

मागून म्हणाली, "सोडला की वर यावं लागतं ओ. आमचा दादा विहिरीत बुडाला, तवा मी बी खाली गेले होते. त्याचा सदरा हाताला लागला, अन् माझा दम सुटला."

दादा बुडाल्याचं माहीत होतं. सदऱ्याचं आज कळलं. तेव्हापासून डोळ्यांसमोर तेच: पाण्याखाली चष्म्याच्या काचेआड तिचे उघडे डोळे, आणि बुडबुडा एकही नाही.

जेवताना म्हणालो, बोटीची सहल रद्द करू.

"नाय. जायचं," म्हणाली. "तिथं खाली लई वेळ थांबता येतं ना?"