बोलणं तोडायचा माझा गुण

रायपूर, रविवार दुपार

आदरणीय मारोतीदादा यांस धाकट्या बहिणीचा, कलावतीचा, सप्रेम जयभीम. तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का, आणि वहिनींनी साखर खरोखर सोडली की फक्त तुमच्यासमोर, हे सवडीनं कळवावं. इकडे आम्ही मजेत. यांच्या निवृत्तीच्या सत्काराला तुम्हाला येता आलं नाही, म्हणून सगळं सविस्तर लिहून राहिले.

सुरुवात मात्र माझ्या ऑफिसपासून करावी लागेल. नवा रायपूरला आमच्याकडे (रस्ते एवढे रुंद की पलीकडे जायलाच बस लागावी, आणि बस तर येतच नाही) मागे एक शिबिर झालं. आपला गुण ओळखा, तो वाढवा, आनंदात राहा. मंजिरी नावाच्या हसऱ्या बाईंनी आम्हाला गोल बसवलं आणि एकेकाचा गुण बाकीच्यांना सांगायला लावला. कोणी शांत निघालं, कोणी कष्टाळू. रोज उशिरा येणारा विहंग तणावमुक्त निघाला. माझी पाळी आली तेव्हा सगळे पंख्याकडे पाहू लागले. शेवटी आमचा यशदीप बाबू म्हणाला, "कलावती दीदी किसी की बात लंबी नहीं होने देतीं." यावर इतक्या टाळ्या पडल्या की मला रागवायलाही जागा उरली नाही. बाईंना म्हटलं, याच गुणापायी मी आईचा मार खाल्ला आहे. त्या म्हणाल्या, योग्य जागा सापडली नसेल. (घरी मला ती रोज सापडते. यांनी सुरू केलेलं वाक्य मीच पुरं करते. लग्नापासून आजवर यांनी आपलं अख्खं वाक्य बहुधा झोपेतच म्हटलं असेल.)

तर यांचा सत्कार. तात्यापारा मोहल्ल्यातला हॉल घेतला होता, पण संध्याकाळी तिथं दुसऱ्यांचं लग्न, म्हणजे चारला रिकामा करणं आलं. यांनी कितीतरी दिवस आरशासमोर चार वाक्यं घोटली होती. सोबत रेल्वेचे डबे दुरुस्त करणाऱ्या माणसांना धन्यवाद द्यायचे, एवढंच. पण आयुष्यात एकदा, माइकवर. आधी प्रमुख पाहुणे उठले. त्यांचं बालपण झालं, संघर्ष झाला, बँकॉकची सहल झाली. धर्मपाल हे यांचं नाव एकदाच आलं, तेही धनपाल म्हणून. मागे मांडववाले खुर्च्या उचलू लागले. मी यांच्याकडे पाहिलं. ओठ हलत होते. चारातलं एकेक वाक्य गळत गेलं, मग नुसतं 'धन्यवाद' उरलं, मग ओठही थांबले.

तिथं मला बाईंची ती जागा सापडली. पाहुणे श्वास घ्यायला थांबले (माणूस कितीही मोठा असो, ही फट सोडतोच) आणि मी स्टेजवर चढून जोरजोरात टाळ्या वाजवल्या. हॉलनं त्या इतक्या मनापासून उचलल्या की आपलं भाषण संपलं, असं पाहुण्यांनाही वाटलं. त्यांना हार घातला, खुर्चीत बसवलं आणि माइक यांच्या हातात दिला.

हे सवयीनं माझ्याकडे बघत राहिले, वाक्य मी पुरं करीन म्हणून. मी तोंडावर पदर धरला.

"मले बोलता येत नाही," हे म्हणाले, "असं मलेच वाटून राहिलं होतं."

आणि मग जे सुरू झाले! एकेकाचं नाव घेतलं. कोणाच्या डब्यातली चटणी सगळे पळवायचे, कोणी भर उन्हात यांच्या वाटचं काम केलं, कोण पगाराच्या दिवशी गाणं म्हणायचा. लोक हसले, डोळे पुसले. चार वाजून गेले. मांडववाले खुर्च्या हातात घेऊन उभ्यानं ऐकत होते. वरण गार, पुऱ्या चामडं. पण दादा, मी एक शब्द बोलले नाही.

तुमची,
कलावती

ता. क. – प्रमुख पाहुणे म्हणजे तुमचेच व्याही, आपल्या गंधालीचे सासरे. न जेवता गेले. त्यांचा फोन येईलच. निमूट ऐकून घ्या.

ता. क. आणखी एक – यांचं बोलणं त्या दिवसापासून थांबलेलं नाही. चहापासून दिवा मालवेपर्यंत चालू आहे. तोडावं म्हणते, पण चेहरा इतका खुललेला असतो की माझा गुण ऐन वेळी दगा देतो. शुक्रवारच्या गाडीचं यांचं तिकीट काढलं आहे, नागपूरला उतरवून घ्या. पण आठ दिवसांच्या वर ठेवू नका. गाडीची साखळी ओढणाऱ्या नवरदेवाची गोष्ट अर्धी राहिली आहे, मला पुढचं ऐकायचं आहे.